केस पुन्हा येतात

शाळेत वाक्प्रचार शिकवायची वेळ आली की मी बहुतेक वेळा केसांपासून सुरुवात करत असे. केसालाही धक्का न लावणे, केसाने गळा कापणे, आणि घरोघरी आजोबा ऐकवतात ते, "हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत!" मुलं हसायची आणि हसता हसता वाक्प्रचार लक्षात राहायचे. एक शब्द मात्र मी फळ्यावर कधी लिहिला नाही. 'बोडकी'. तो शब्दकोशात आहे, जुन्या कादंबऱ्यांत आहे, आणि आमच्या लहानपणी तर शिवी म्हणून सर्रास कानावर पडायचा. गंमत पाहा, पुरुषाचे केस गेले तर तो नुसता टकला होतो. बाईचे केस गेले की तिचा नवरा गेला असाच अर्थ व्हायचा.

हे सगळं आठवायला कारण झाली नात्यातली एक मुलगी. तिला स्तनाचा कर्करोग निघाला आहे, लवकरच केमो सुरू होईल. तिनं मला विचारलं, "काकू, केस गेले तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो?" मी म्हटलं, "अगं, येतात परत." ते खरंच आहे, पण तिनं जे विचारलं त्याचं ते उत्तर नव्हे. म्हणून हा लांबलचक लेख. (ज्यांना लांब लेखाचा कंटाळा आहे त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद तरी वाचावेत!)

मला हा आजार २०१४ साली झाला. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. केस गेल्यावर आरशात पाहिलं तेव्हा मला आजारी बाई दिसली नाही. मला आमची आत्याआजी दिसली.

आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. माझं लहानपण वाईत गेलं, आणि आमच्या त्या घरात स्वयंपाकघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत ती असायची. आठव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. मी पाहिली तेव्हा साठी उलटलेली, अंगावर तांबडं आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. दर पंधरा-वीस दिवसांनी मागच्या दारी न्हावी यायचा. आम्हां मुलांना तेव्हा पुढच्या ओटीवर पिटाळलं जाई. मी असेन सहा-सात वर्षांची. एकदा तिच्या मांडीवर पडल्या पडल्या मी विचारलं, "आत्याआजी, तुला केस का नाहीत?" ती म्हणाली, "आहेत की गं. येतात बिचारे. काढावे लागतात."

त्या वयात मला त्यातलं काही कळलं नाही. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, केशवपनाच्या प्रथेबद्दल मी नंतर जे जे वाचलं त्यात इतकं नेमकं वाक्य दुसरं नसेल.

आता जरा इतिहासाकडे वळते. स्कंदपुराणातल्या काशीखंडात असं सांगितलं आहे की विधवेनं वेणी बांधली तर तिचा नवरा परलोकात बंधनात पडतो, म्हणून तिनं डोकं मुंडन केलेलंच ठेवावं. एवढा एक धागा, पण त्यावर केवढी इमारत उभी राहिली! मुख्यत: ब्राह्मणांत आणि त्यांचं पाहून इतर काही उच्चवर्णीयांत ही चाल घट्ट झाली. जिनं केस राखले ती 'सकेशा'. तिच्या हातचं पाणी देवाला चालायचं नाही, श्राद्धाच्या स्वयंपाकात तिचा हात लागायचा नाही. म्हणजे कायद्यानं सक्ती नव्हती, पण घरात माणूस म्हणून जगायचं तर दुसरी वाटही नव्हती.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मुंडन आपल्याकडे पुरुषांचंही होतं. बाळाचं जावळ काढतात, मुंजीत चकोट करून शेंडी ठेवत, वडील वारले की मुलगा क्षौर करतो, कुणी तिरुपतीला केस वाहतात. ते सगळं एकदाच होतं. डोकं झालं, विधी संपला, मग केस आपल्या गतीनं वाढायला मोकळे. विधवेचं तसं नव्हतं. तिच्या बाबतीत एकदा वस्तरा फिरून भागत नसे. केस पुन्हा उगवायचे, आणि ते उगवणं हाच जणू गुन्हा. म्हणून न्हावी पुन्हा पुन्हा यायचा, पन्नास-पन्नास वर्षं. आत्याआजीच्या बाबतीत साधा हिशेब केला तरी हजाराच्या आसपास खेपा होतात.

आणि म्हणूनच मला १८९० सालची एक घटना फार मोठी वाटते. त्या वर्षी मुंबईतल्या नाभिक मंडळींनी सभा भरवली आणि यापुढे आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा ठराव केला. या मागे नारायण मेघाजी लोखंड्यांची प्रेरणा होती. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. गिरणी कामगारांची संघटना त्यांनी १८८४ साली उभी केली, आणि कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही १८९० सालीच. सुधारकांनी या प्रथेविरुद्ध पुष्कळ लिहिलं, व्याख्यानं दिली. पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्या माणसांनी तो खाली ठेवतो म्हणावं, हे काही वेगळंच. पोटावर पाय येणार हे ठाऊक असताना!

त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमश: येऊ लागली. यमूच्या केशवपनाचा भाग मी कॉलेजात असताना वाचला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

ठरावानं किंवा कादंबरीनं प्रथा लगेच थांबली नाही हे उघडच आहे, नाहीतर १९५५ साली आमच्या मागच्या दारी न्हावी कशाला आला असता? पण काही बायकांनी आपल्यापुरतं थांबवलं. पार्वतीबाई आठवल्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई (पूर्वाश्रमीच्या गोदूबाई), त्यांची ही धाकटी बहीण. कोकणात देवरुखला वाढलेली, तरुणपणी विधवा झालेली. पुढे अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडली, अमेरिकेलाही जाऊन आली. आपल्या 'माझी कहाणी' या १९२८ सालच्या आत्मचरित्रात तिनं केशवपनावर स्पष्ट लिहिलं आहे. बरीच वर्षं रूढीप्रमाणे केस काढल्यावर तिनं ते स्वत:च्या विचारानं पुन्हा वाढू दिले. आज आपल्याला वाटेल, यात काय एवढं? केस न काढणं म्हणजे काहीच न करणं. पण दर आठवड्याला थोडी थोडी वाढणारी ती गोष्ट साऱ्या गावाला दिसत असणार. मोर्चा एका दिवसाचा असतो. हे रोज डोक्यावर घेऊन चारचौघांत जायचं.

आता ज्या आजारामुळे माझे केस गेले त्याच्या उपचारांकडे येते. योगायोग असा की त्यातही गोष्ट सुरू होते ती याच दशकात, आणि केसांपासूनच.

राँटजेननं क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका मुलाच्या डोक्यात घुसलेली गोळी या किरणांनी शोधता येईल का, असा प्रश्न आला. मुलावर प्रयोग करण्याआधी डडली नावाच्या प्राध्यापकानं स्वत:चं डोकं पुढे केलं. तासभर किरण सोडले. त्या वेळी काहीच झालं नाही. एकवीस दिवसांनी मात्र तेवढ्या जागेवरचे केस गळून रुपयापेक्षा मोठं टक्कल पडलं. हे किरण शरीराच्या आत काहीतरी करतात याची जगाला मिळालेली ही अगदी पहिल्या खुणांपैकी एक. ते वाचून व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरनं त्याच वर्षी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर क्ष-किरण वापरून पाहिले. तिथूनच किरणोपचाराला सुरुवात झाली. म्हणजे केस गळणं हा आज आपण ज्याला दुष्परिणाम म्हणतो, तोच या विद्येचा पहिला धडा होता.

केमोची कुळकथा अधिक भयंकर आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली जर्मनांनी मस्टर्ड वायू वापरला. ज्यांना तो लागला त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यावरून १९४२ साली येल विद्यापीठात त्याच जातीचं रसायन लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला प्रथम दिलं गेलं. युद्ध चालू असल्यामुळे ते गुप्त राहिलं. पुढच्या वर्षी २ डिसेंबरला इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्बफेक केली. तिथे 'जॉन हार्वे' या अमेरिकन जहाजात मस्टर्ड बॉम्बचा गुप्त साठा होता, तो फुटला. जे सैनिक-खलाशी दगावले त्यांच्या तपासण्यांतून तीच पांढऱ्या पेशींची गोष्ट पुन्हा समोर आली. जी पेशी भराभर वाढते तिला हे विष आधी गाठतं, हे पक्कं झालं.

आणि याच बारीच्या प्रदेशात, पुलियामध्ये, कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला एक अष्टकोनी किल्ला आहे. १९५० च्या दशकात त्या किल्ल्याजवळच्या मातीत इटालियन संशोधकांना एक सूक्ष्मजीव सापडला. तो लालभडक रंग तयार करायचा. त्यातूनच पुढे कर्करोगावरची दोन औषधं निघाली. दुसऱ्याचं नाव, जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून, एड्रियामायसिन.

हेच ते माझं 'लाल औषध'. रुग्णालयातल्या सिस्टर त्याला तसंच म्हणायच्या. भलीमोठी सिरिंज, रंग अगदी डाळिंबाच्या रसासारखा. एकवीस दिवसांच्या अंतरानं चार वेळा घेतलं. पहिल्यांदा ते नळीतून हातात उतरताना पाहिलं तेव्हा मला आलवणाचा रंग आठवला. दोन्ही लाल, आणि दोन्हींच्या पाठोपाठ केस जाणार. पण पुढचा सगळा विचार मला त्या खुर्चीत बसूनच सुचला, कारण सुई हातात असताना दुसरं करण्यासारखं काही नसतं.

केस का जातात ते माझ्या डॉक्टरांनी छान समजावून सांगितलं होतं. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यांतले शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद एका वेळी वाढत असतात. केसाच्या मुळाशी ज्या पेशी असतात त्या शरीरातल्या सगळ्यांत भराभर वाढणाऱ्यांपैकी. औषधाला कर्करोगाची पेशी कुठली आणि केसाची कुठली हे कळत नाही, ते फक्त वेग ओळखतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस निसटू लागतात. पण त्याच केसाच्या मुळात, जरा वर एका कोपऱ्यात, काही पेशी संथपणे बसून असतात. त्यांना घाई नसते, म्हणून बहुतेक वेळा त्या वाचतात. औषध संपलं की त्याच नवीन केस घडवतात. शेतकरी बियाणं वेगळं काढून ठेवतो ना, तसं.

माझे केस सोळाव्या दिवशी निघाले. उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीत, ताटातसुद्धा. दोन दिवस सोसलं. मग यांना म्हटलं, न्हाव्याला घरी बोलवा. आमच्या कोपऱ्यावर दुकान असलेला मुलगा आला. मुलगा कसला, पन्नाशीचा बाप्या, पण माझ्या हाताखाली पाचवी-सहावी शिकलेला. गॅलरीत स्टुलावर मी बसले. त्यानं मशीन काढलं आणि नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, थोडे ठेवू का?" मी म्हटलं, "नको रे, सगळे काढ. येणार आहेत परत." त्यानं इतक्या हलक्या हातानं काढले की कळलंसुद्धा नाही. पैसे घेईना. मी बाईंच्या आवाजात दटावलं तेव्हा घेतले. माझ्या डोक्यात मात्र १८९० ची ती सभा चालली होती. त्यांनी हात आवरला तो पुण्याचा, आणि यानं हात चालवला तोही पुण्याचाच. वस्तरा तोच. मग फरक कशात? मला वाटतं, सांगणारी मी होते एवढ्यात. आणि पुढचे केस कुणी मोजायला येणार नव्हतं यात.

त्यानंतर दोन महिन्यांनी घरात एक मुंज होती. नात्यातल्याच एका बाईंनी, वाईट मनानं नव्हे, मला सुचवलं की फोटोच्या वेळी तू मागे थांब, नाहीतर टोप तरी घाल, शुभकार्य आहे. टोप माझ्याकडे होता. खऱ्या केसांचा, चांगला. (तिरुमलाला भाविक जे केस वाहतात त्यांचा लिलाव होतो आणि त्यांतले पुष्कळ टोप करायला जातात. कुणाचा तरी नवस माझ्या डोक्यावर बसला असण्याची शक्यता आहे!) टोप घालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, बँकेत जाताना मीही घातला. पण त्या दिवशी मला आठवलं की आमच्या घरात एक जुना मोठा ग्रुप फोटो आहे, वीस-बावीस माणसांचा, आणि त्यात आत्याआजी नाही. ती तेव्हा घरातच होती. पंगतीचा सगळा स्वयंपाक तिनंच केला होता असं आई सांगायची. फोटो काढताना मात्र कुणी तिला बोलावलं नाही, आणि तीही आपण होऊन पुढे आली नाही. मी बटूच्या शेजारी खुर्ची घेतली आणि उघड्या डोक्यानं बसले. फोटोत आम्ही दोघंच चकोट आहोत, तो आणि मी. त्यालाच सगळ्यांत मजा वाटली.

शेवटचा केमो झाल्यावर महिन्याभरात लव फुटली. तीन-चार महिन्यांत डोकं झाकलं. जन्मभर सरळ असलेले माझे केस कुरळे आले. असं पुष्कळांचं होतं, आणि मग हळूहळू ते पूर्ववत होतात. धाकटी नात डोक्यावरून हात फिरवत म्हणायची, "आजीचं जावळ!" महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढ, पण मी रोज बोटानं चाचपून पाहायची. घरातल्या सगळ्यांना त्याचं कौतुक. आणि मला वाटायचं, आत्याआजीच्या डोक्यावर दर पंधरवड्याला हेच उगवत होतं. अगदी अशीच मऊ लव. कौतुक सोडाच, ते दिसलं की न्हाव्याला निरोप जायचा. तिनं त्या केसांना 'बिचारे' म्हटलं होतं, स्वत:ला नाही.

आता ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. डोकं थंड ठेवणारी टोपी हल्ली आपल्याकडेही काही मोठ्या रुग्णालयांत मिळते. केमो चालू असताना ती घातली की डोक्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ती वापरणाऱ्या निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त बायकांचे केस बऱ्यापैकी टिकले. सगळ्यांचे टिकत नाहीत, आणि रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत. डॉक्टरांना केमोच्या आधीच विचारावं. क्वचित काही औषधांनी केस पहिल्यासारखे दाट येत नाहीत, तेही विचारून ठेवावं. सुरुवातीलाच केस आखूड कापले तर गळताना जीव कमी कासावीस होतो. आणि घरच्यांनी "केसांचं काय एवढं, जीव वाचला ना!" हे वाक्य कृपा करून म्हणू नये. केसांचं एवढं आहेच. आपल्या लोकांनी शेकडो वर्षं ते तसं करून ठेवलं आहे, ते एका वाक्यानं कसं जाईल?

आणि एक विनंती नातेवाइकांना. आत्याआजी १९६१ साली गेली. तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आपल्या कुळवृत्तांतात तिच्या सासरच्या घराण्यापुढे 'निर्वंश' एवढाच शब्द आहे, तिचं नावही नाही. वाईच्या किंवा मुंबईच्या शाखेत कुणाकडे जुन्या पेट्यांत, अल्बमात, एखाद्या फोटोच्या कडेला दारामागे उभी असलेली आलवणातली बाई दिसली तर मला जरूर कळवा. फोटो पुसट असला तरी चालेल. आणि तुमच्या तुमच्या घरांत अशा ज्या कुणी होत्या त्यांची नावं तरी लिहून ठेवा. त्यांना पाहिलेली आम्ही माणसं आता थोडीच उरलो आहोत.